खालच्या विहिरीचं माप

माझा भाऊ तीन वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी आठच्या सुमाराला, माझ्याशी फोनवर खोटं बोलत होता. आणि मी ते लिहून घेत होते, तेही दोन प्रतींत.

माझं काम विहिरी मोजण्याचं. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे किती विहिरी आहेत ते मोजता?" तसं नाही. विहिरीच्या काठापासून खाली पाण्यापर्यंत किती फूट अंतर आहे, ते मोजायचं. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते बघायचं. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं, आकडा घटला म्हणजे पाणी वर आलं. हा उलटा हिशेब नव्या माणसाच्या डोक्यात शिरायला आठवडा लागतो. आमच्या साहेबांना दोन वर्षं लागली.

आमची नदी वर्षातले दहा महिने नुसती वाळू असते. वरच्या अंगाला डोंगरउतारावर जी गावं आहेत, तिथे तर प्यायलाही पाणी नव्हतं. सहा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने तिथे काम काढलं. उतारावर चर खणले, नाल्यांवर दगडी बांध घातले, आणि तीन वर्षांपूर्वी अकरा तळी पुरी झाली. पडलेलं पाणी पळू द्यायचं नाही, जागच्या जागी जिरवायचं, एवढाच त्यातला मंत्र. तो फळला. वरच्या विहिरी एकसष्ट फुटांवरून तिसावर आल्या. तिथल्या पाणी समितीचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. ते मला कधी भेटले की आधी आकडा सांगत आणि मग खुशाली विचारत.

पण वर पाणी अडवलं की खाली काय होतं, हेही बघायला हवं. त्यासाठी मी खालच्या पाच विहिरी मागितल्या होत्या, मंजूर झाली एक. ती मी दादाची घेतली. बावीस किलोमीटर खाली, नदीकाठीच त्याची रोपवाटिका आहे. घरचा माणूस, टेप वापरायला शिकवायचीही कटकट नाही, असा विचार केला. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणतात, तो असा.

दादाचे आकडे छान येत होते. बावीस फूट. साडेएकवीस. सव्वाबावीस. त्यांवरून मी अहवालात लिहिलं होतं, "खालच्या भागावर कोणताही विपरीत परिणाम आढळलेला नाही." ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की रिकाम्या घरात मी ते मोठ्याने वाचून पाहिलं होतं.

आता वर आणखी चौदा तळी खणायचं घाटत होतं. नऊ दिवसांनी बैठक होती आणि खालच्या विहिरीच्या आकड्यांखाली माझी सही हवी होती. साहेब म्हणाले, "एकदा स्वतः जाऊन माप घेऊन या. नियम आहे." मी दादाला फोन लावला.

"कशाला येतेस एवढ्या उन्हाची?" दादा म्हणाला. "आणि विहिरीत साप निघालाय."

"मी साप मोजायला नाही येत."

"झाकणाची किल्लीपण सापडत नाहीये, ढमे."

मी लहानपणी गुटगुटीत होते. चाळिशी उलटून आता काडी झाले तरी त्याच्या लेखी मी ढमीच. पण एक सबब सांगितली असती तर मी विश्वास ठेवला असता. दोन सांगितल्या, तेव्हा कळलं की चोराच्या मनात चांदणं आहे.

खरं सांगायचं तर मला आधीच कळायला हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात मी मोजते त्या सगळ्या विहिरी खाली गेल्या होत्या आणि एकटी दादाची अर्धा इंच वर आली होती. मी तो आकडा बघितला होता. जमिनीखाली मातीचा एखादा थर असेल, असं स्वतःला समजावलं आणि पुढच्या ओळीवर गेले. हवा तोच आकडा येत असेल तर माणूस डोळ्यांवर कातडं ओढून घेतो. मी तर तीन वर्षांत एकदाही तिकडे फिरकले नव्हते. भाऊ फोनवर भेटतोय ना, मग झालं.

*

बसमधून उतरले तर दादा थांब्यावर उभा होता. सदरा खांद्यावरून लोंबत होता. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "वाळलीस की गं." मी म्हटलं, "तू आरशात बघतोस का कधी?"

त्याचं घर दोन खोल्यांचं. पुढे हिरव्या जाळीच्या सावलीत रोपांच्या रांगा. पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसायची, बारा हजार पिशव्या असायच्या. आता मागच्या अर्ध्या भागात नुसती जमीन होती आणि तिच्यावर पिशव्यांचे गोल ठसे उमटलेले होते.

"विकली गेली," मी विचारायच्या आधीच दादा म्हणाला. "यंदा मागणी फार."

वहिनींनी मला जवळ घेतलं, चहा दिला, आणि बादली घेऊन विहिरीकडे गेल्या. मी कप हातात घेऊन मागोमाग गेले. झाकण उघडंच होतं. साप नव्हता, कुलूपही नव्हतं. वहिनी रहाटावरून दोर सोडत होत्या आणि तो दोर संपतच नव्हता. आधी पांढरा, जुना, मऊ पडलेला. मग गाठ, आणि पुढे निळा. मग गाठ, आणि हिरवा. मग आणखी एक गाठ, आणि अगदी कोरा पिवळा.

"वहिनी, हा दोर असा का?"

"तुटला होता, ताई."

"तीनदा?"

वहिनी बादली वर ओढत राहिल्या. ओढून झाल्यावर काठावर टेकवली. अर्धीच भरली होती, आणि पाणी गढूळ होतं.

"ताई, तुम्हाला खोटं सांग म्हणून यांनी मला बजावलंय," त्या म्हणाल्या. "पण मला ते नीट येत नाही."

मी कप खाली ठेवला, पिशवीतून टेप काढली, टोकाला खडू फासला आणि सोडली. बावीस फुटांवर ती भिजायला हवी होती. चौतीस फूट चार इंचांवर भिजली. विहीर एकूण एक्केचाळीस फूट. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आडातलं संपत आलं होतं आणि माझ्या वहीतला पोहरा मात्र काठोकाठ भरलेला.

मी तशीच जाळीखाली गेले. दादा एका मगाने रोपांना पाणी घालत होता. एका पिशवीला अर्धा मग. माझ्याकडे पाठ होती.

"किती?" त्याने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"चौतीस आणि चार इंच. काल तीन होतं, रोज इंचभर तरी उतरतंय."

त्याने इंच सांगितला तेव्हा माझा संताप डोक्यात गेला. म्हणजे हा मोजत होता! न मोजता अंदाजपंचे काहीतरी ठोकून देत असता तर आळशी म्हणून सोडलं असतं. "तू मोजतोस?" मी ओरडलेच. "मोजून खोटं सांगतोस?"

"खोटं सांगायलासुद्धा खरं माहीत असावं लागतं गं," तो म्हणाला आणि हातातला मग खाली ठेवून मला मोटरच्या खोलीकडे घेऊन गेला.

खोली कसली, पत्र्याचं खुराडंच. मोटर खोलून कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवली होती, कारण चालू केली की दहा मिनिटांत नुसती हवा ओढायची. दादाने दार आतून लावलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात दाराच्या आतल्या बाजूला आकडे दिसले. हिरव्या रंगावर खिळ्याने कोरलेले. वरून खाली, महिना आणि माप, महिना आणि माप, छत्तीस ओळी. वरच्या ओळींना गंज चढून त्या तपकिरी झाल्या होत्या, शेवटच्या दोन-तीन अजून चमकत होत्या. एक महिना चुकला नव्हता. मला इतका नेमका माणूस उभ्या नोकरीत मिळाला नाही.

पहिली ओळ होती बावीस. दुसरी सव्वीस.

"या दुसऱ्या मापाच्या वेळी," दादा त्यावर बोट ठेवून म्हणाला, "मी तुला खरं सांगायलाच फोन उचलला होता. पण तूच आधी बोलायला लागलीस. वरच्या शाळेतला नळ चालू झाला म्हणालीस. पोरांनी एकमेकांना भिजवलं, तुलापण भिजवलं, आणि पोस्टमनकाका ओरडायला आले तर त्यांनाही भिजवलं."

"मग?"

"मग तू हसलीस."

मला काही कळेना.

"तुझे हे गेल्यापासून दीड वर्ष झालं होतं," दादा म्हणाला. "दीड वर्षात तू माझ्याशी फोनवर 'हो', 'नाही' आणि 'जेवले' एवढंच बोलत होतीस. त्या दिवशी इतकी हसलीस की तुला ठसका लागला. आणि मग विचारलंस, तुझ्याकडे किती? मी म्हटलं, बावीस."

मी दाराकडे बघत राहिले. आकडे ओले होऊन एकमेकांत मिसळायला लागले, म्हणून डोळे पुसले. माझा नवरा गेल्यावर मी सकाळी कशासाठी उठत होते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या तळ्यांसाठी उठत होते. हे या माणसाला बावीस किलोमीटरवरून, फोनवरून कळलं होतं, आणि त्यासाठी त्याने आपली बाग एकेक पिशवी करून वाळू दिली होती. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि त्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"वाटलं, एखाद वर्ष तसं असेल," तो म्हणाला. "पुढच्या पावसाला भरेल. आणि माझी एक विहीर गेली तर गेली. वर नव्वद घरं पाणी प्यायला लागली."

"तुझी एक?" मी म्हटलं. "दादा, खाली फक्त तुझीच विहीर मोजतात. तुझी बरी म्हणजे सगळ्या बऱ्या, असं धरतात. इथून पुलापर्यंत चाळीस विहिरी आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बाकीच्यांची मापं दुसरं कुणी देत असेल ना?"

"कुणी नाही. तूच."

हे त्याला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. दादा उपड्या बादलीवर बसला.

"भट्टीवाला," तो म्हणाला.

दादाच्या वरच्या अंगाला, अर्ध्या किलोमीटरवर, एका शेजाऱ्याची विटांची भट्टी होती. दोघं एका वर्गातले. गेल्या वर्षी विहीर आटली, माती भिजवायला पाणी उरलं नाही. भट्टी बंद करून तो मोठ्या बाजारात पोती उचलायला गेला, आता महिन्यातून एकदा घरी येतो.

"जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता," दादा म्हणाला. "म्हणाला, माझ्याच नशिबात का रे असं? मी म्हटलं, पाऊस कमी पडला बाबा. आणि हे दार माझ्या पाठीमागे होतं."

*

त्या दुपारी मी दारासमोर स्टूल घेऊन बसले आणि पावसाचे आकडे शेजारी मांडून बघितले. पाऊस खरंच कमी होता, तीनातली दोन वर्षं. पण मधलं वर्ष चांगलं होतं, आणि त्या वर्षी दारावरचे आकडे घटले होते, म्हणजे पाणी वर आलं होतं. वरची तळी भरून वाहिली, उरलेलं नदीने खाली आलं. बाकीच्या दोन वर्षांत तळी भरलीच नाहीत, म्हणून थेंबही सुटला नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळ्यांना पुरत होतं आणि वाईट वर्षी आम्ही वरचे सगळं पिऊन टाकत होतो. हे सांगणारा कागद आमच्या कार्यालयात नव्हता. तो इथे, मोटरच्या खोलीच्या दारावर होता. आणखी चौदा तळी झाली असती तर चांगल्या वर्षातलंही खाली आलं नसतं.

आता हे लिहायचं कसं? एक सोपी वाट होती. आजचा आकडा भरायचा आणि शेऱ्यात लिहायचं, "टेप सदोष होती, बदलली." साहेबांनी मान डोलावली असती. दादाचं नावही वाचलं असतं आणि माझंही. मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं.

दादा मागे येऊन उभा होता. "टेपवर नको घालूस," तो म्हणाला. याला माझ्या मनातलं वाचायची सवयच आहे. "माझं नाव लिही."

"लोक तुला काय म्हणतील कळतंय का?"

"कळतंय. भट्टीवाल्याने म्हणावं असं मला वाटतंय."

मी आकडे वहीत उतरवायला घेतले, तर त्याने तेही थांबवलं. "तुझ्या अक्षरात नको. म्हणतील, आधी भावाने खोटं केलं, आता बहीण-भाऊ मिळून करतायत. दारच नेऊ. वरच्या ओळींवरचा गंज बघितला की कुणालाही कळेल, हे काल कोरलेलं नाही."

मग दादाने पाना आणला आणि दार बिजागऱ्यांतून काढलं. पत्र्याचं, हलकंच होतं. वहिनी चहाची भांडी घासत होत्या. "नेताय तर न्या," त्या म्हणाल्या, "पण परत आणा. मांजर आत जाऊन गोणपाटावर विते." मग हात पुसून त्या दादाजवळ आल्या आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. "मला हलकं वाटतंय आज," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मूग गिळून बसले होते मी."

*

बैठक वरच्या शाळेत होती. वरची साठेक माणसं, खालची दहा-बारा. भट्टीवाला आला होता. दादानेच त्याला निरोप धाडला होता, पण कारण सांगितलं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग दोन खुर्च्यांवर टेकवलेल्या दाराकडे बघितलं, आणि विचारलं, "हे काय?"

"खालच्या विहिरीचे आकडे," मी म्हटलं.

दादाला चारचौघांत बोलायची सवय नाही. हात कुठे ठेवावेत हेच त्याला समजेना, शेवटी त्याने दार धरलं. "मी या बाईचा भाऊ," तो म्हणाला. "तीन वर्षं मी हिला खोटं माप दिलं. खरं इथे आहे. हिला माहीत नव्हतं. मला वाटलं, माझंच नुकसान होतंय. तुमचंही झालं." हे शेवटचं तो भट्टीवाल्याकडे बघून म्हणाला.

भट्टीवाला उठला. धिप्पाड माणूस, खांदे पोत्यांनी सोललेले. "मी जायच्या आदल्या दिवशी तू मला काय म्हणाला होतास?"

"पाऊस कमी पडला म्हणालो."

"हं," भट्टीवाला म्हणाला आणि बाहेर निघून गेला. दादा दार धरून तसाच उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन दाराची दुसरी कड धरली.

मग वरची माणसं एकदम बोलायला लागली. आता आमची तळी फोडणार का? एवढी वर्षं आम्ही तहानलेले होतो, तेव्हा खालचे कुठे आले होते? त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, एकही तळं फोडायचं नाही. गाळ काढण्यासाठी प्रत्येक तळ्याच्या तळाशी एक पाइप आहे, त्याला लाकडाचं बूच आहे. पाऊस कमी असेल त्या वर्षी तळी अर्धी भरली की अकराही तळ्यांची बुचं एकाच दिवशी काढायची. एकेक सोडलं तर सगळं वाटेतली वाळूच पिऊन टाकेल, एकदम सोडलं तर खालपर्यंत जाईल. असं चार दिवस सोडायचं. आणि नवी चौदा तळी सध्या नकोत.

पोस्टमनकाका मागच्या बाकावर बसले होते. ते उठून दारापाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वरून खाली एकेक ओळ बोट फिरवत वाचली, एखाद्या पाकिटावरचा पत्ता वाचावा तशी. बोट दुसऱ्या ओळीवर परत आलं. "या महिन्यात आपल्या शाळेचा नळ चालू झाला," ते मागे वळून म्हणाले. "तारीख माझ्या लक्षात आहे. पोरांनी मला भिजवलं होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"चार दिवस जास्त होतात," ते मला म्हणाले. "दोन देतो."

"दोन दिवसांत अर्ध्या वाटेवर संपेल, काका."

"मग तीन. आणि मी स्वतः बघेन कुठवर जातं ते."

तीनावर ठरलं. साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, तो मी दिला. खालच्या चार आणखी विहिरी मंजूर झाल्या, आणि मापं घ्यायला माणूस नवा नेमायचा, दादा नको, असंही ठरलं. ते बरोबरच होतं. आठवड्याने भट्टीवाल्याचा मला फोन आला. "टेप मी धरीन," एवढंच म्हणाला. दादाचं नाव त्याने काढलं नाही.

*

त्या वर्षीही पाऊस बेताचाच झाला. तळी अर्धी भरली आणि ठरल्या सकाळी अकराही बुचं निघाली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी, दादा आणि पोस्टमनकाका नदीच्या पात्रात उभे होतो. भरल्या नदीपेक्षा कोरड्या नदीत पाणी येताना बघणं वेगळंच. ते चालत येतं. पुढे पालापाचोळा आणि फेस ढकलत, वाळूतला एकेक खड्डा भरत, मध्येच थबकत. आम्ही त्याच्या पुढे पुढे चालत होतो. पोस्टमनकाका म्हातारपणामुळे थांबले की पाणी त्यांना गाठायचं आणि ते चपला हातात घेऊन पुन्हा पुढे निघायचे. "उभ्या आयुष्यात माझ्या हातून इतकं उशिरा काही पोचलं नाही," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी भट्टीपर्यंत आलं. तिथे पात्र रुंद होतं. ते पसरलं, पातळ झालं, आणि वळणाच्या थोडं पुढे जाऊन वाळूत जिरलं. दादाच्या काठापासून शेपाचशे पावलांवर. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट बघितली. ओली कड हातभरही पुढे सरकली नाही.

पुढच्या पाच दिवसांत पाणी जमिनीखालून सरकायला हवं होतं. सहाव्या दिवशी सकाळी मी वही घेऊन आले. भट्टीवाल्याने आधी आपली विहीर मोजली. पाणी पाच फूट वर आलं होतं. त्याने टेप पुन्हा सोडली, पुन्हा बघितलं, आणि तोंड फिरवून काठावर हात टेकून उभा राहिला. त्याची बायको तिथेच मटकन खाली बसली.

मग आम्ही दादाकडे गेलो. एरवी भट्टीवाला मापाला आला की दादा घरात जाऊन बसायचा; बैठकीनंतर ते दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. दादा जाळीखालीच उभा राहिला. झाकणाजवळ आला नाही, कारण माप घेणं आता त्याचं काम नव्हतं. पण मान ताणून बघत होता. वहिनी दारात उभ्या होत्या.

भट्टीवाल्याने खडू फासला, टेप सोडली, वर ओढली. मी त्याच्या शेजारीच होते. खडू कुठवर भिजलाय ते मला दिसलं. त्यालाही दिसलं. त्याने मान वर करून दादाकडे बघितलं. दादाच्या तोंडाकडे, लोंबणाऱ्या सदऱ्याकडे, मागच्या रिकाम्या जमिनीकडे. आणि म्हणाला, "चढलंय की रे. दोनेक इंच."

मी पेन वहीवर टेकवलं. मला ते लिहावंसं वाटलं, हे कबूल करते.

दादा पुढे आला. त्याने टेपला हात लावला नाही, फक्त वाकून बघितली.

"नाही चढलं," तो म्हणाला. "छत्तीस-दोन होतं, छत्तीस-दोनच आहे. लिही, ढमे."

मी छत्तीस-दोन लिहिलं. भट्टीवाला टेप गुंडाळत थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग दादाच्या उरलेल्या रोपांवरून त्याने एकदा नजर फिरवली.

"तुझ्याकडे पाइप किती आहे?" त्याने विचारलं.

"दीडशे फूट असेल. का?"

"माझ्याकडे तीनशे आहे. बाकीचा कुणाकडून तरी मागून आणू," भट्टीवाला म्हणाला. "माझ्या विहिरीतून ओढू. चल, धर एक टोक."